उन्हाळ्यांतील रोपांचीं पानें कशीं पाहावीं

चैत्रांत शिखर शिंगणापूरची यात्रा उलगली कीं नातेपुते व आसपासच्या माळरानावर उन्हाचा खरा अंमल सुरू होतो, आणि तो माउलींची पालखी नातेपुत्यास मुक्कामाला येण्याच्या सुमारापर्यंत बहुधा टिकतो. याच अवधींत डाळिंबाचीं गुटी कलमें व कागदी लिंबाचीं रोपें आपल्या अंगणांत पिशव्यांतून व कुंड्यांतून उभीं असतात. कोणी गेल्या पावसाळ्यांत स्वतःच्या बागेंत बांधलेल्या गुट्या उतरवून ठेवलेल्या असतात, तर कोणी पावसाच्या तोंडाला लागण करावयाची म्हणून रोपें आधींच विकत आणलेलीं असतात. वैशाखांत पहिलें पान पिवळें पडलें कीं मालकाचा जीव खालींवर होतो आणि तो औषधाच्या दुकानाची वाट धरतो. त्या वाटेवर त्यास घटकाभर थांबवावें, एवढ्याचसाठीं हा लेख लिहिला आहे.

जमिनींतील झाड व पिशवींतील रोप यांच्या पानांवर एकच खूण उमटली, तरी तिचें कारण एकच असतें असें नाहीं. जमिनींतील झाडाच्या मुळ्यांना वरचा थर तापला तर खालच्या थंड थराचा आधार असतो. पिशवींतील मुळ्यांना पळावयास जागा नसते. त्या वाढतां वाढतां पिशवीच्या कडेला येऊन टेकतात, आणि तीच कड दुपारीं तव्यासारखी तापते. काळी प्लास्टिकची पिशवी उघड्यावर ठेवलेली असेल, तर तिच्या सूर्याकडील अंगाची माती ५० अंश सेल्सिअसच्याही वर जाऊं शकते. पुष्कळ झाडांच्या मुळ्यांची वाढ माती ३८ ते ४० अंशांपर्यंत तापली कीं थांबते, आणि त्याहून अधिक उष्णता कांहीं वेळ लागून राहिली तर कोंवळ्या मुळ्या मरूं लागतात. आज हवा ४२ अंशांवर गेली, अशी चर्चा आपण पारावर बसून करतों. परंतु रोपाचें बरेंवाईट ठरतें तें पिशवीच्या आंतील उष्णतेवर.

मला हें उशिरां कळलें. भगवा जातीचीं सुमारें तीनशें गुटी कलमें मीं काळ्या पिशव्यांत भरून विहिरीजवळच्या फरशीवर ओळीनें मांडलीं होतीं. वैशाखाच्या दुसऱ्या आठवड्यांत पश्चिमेकडील दोन ओळी दुपारीं माना टाकूं लागल्या. पाणी कमी पडतें असें समजून मीं सकाळीं व संध्याकाळीं असें दोन वेळां पाणी सुरू केलें. चार-सहा दिवसांनीं खालचीं पानें पिवळीं पडलीं. तेव्हां एका दुकानदाराकडे गेलों. त्यानें नत्राची उणीव सांगितली. त्याला तरी बोल काय लावावा? मीं त्याच्यापुढें एक पिवळें पान नेऊन ठेवलें होतें; रोप नेलें नव्हतें. घरीं येऊन पाण्यांतून युरिया दिला. आठवड्याभरांत पानांचे शेंडे व कडा तांबूस होऊन करपल्या. मग बुरशीचें औषध फवारलें, आणि तेंही भर दुपारीं.

शेवटीं शेजारच्या मळ्यांतील एक वृद्ध माळी सहज आले होते, त्यांनीं एक पिशवी उचलली, हातांत तोलून पाहिली, कूस फाडली आणि मातीचा गोळा बाहेर काढला. पश्चिमेकडील अंगाच्या मुळ्या काळ्या व मऊ झाल्या होत्या. चिमटींत धरून ओढल्या असतां वरची साल निघून येई व आंत दोऱ्यासारखा गाभा तेवढा राही. पूर्वेच्या अंगास मात्र पांढऱ्या मुळ्या शिल्लक होत्या. रोपाला रोग झाला नव्हता, आणि त्याला भूकही लागली नव्हती. तें एका अंगानें भाजलें होतें. त्यावर पाणी ओतून मीं उरलेल्या मुळ्या कुजविल्या आणि वर खताची मात्रा देऊन जखमेवर मीठ चोळलें. त्या उन्हाळ्यांत साठांहून अधिक रोपें गेलीं. रोपांची किंमत मीं विसरलों असतों, परंतु दोन एकर रानांत खड्डे घेऊन, भरून ठेवलेले होते, आणि त्यांपैकीं कित्येक त्या वर्षीं तसेच राहिले.

तेव्हांपासून मीं जो क्रम ठरविला आहे, त्यांत पानाआधीं घड्याळ पाहतों. दुपारीं दोन वाजतां पान लवलें, किंवा त्याच्या दोन्ही कडा वर उचलून तें होडीसारखें मिटलें, तर घाबरण्याचें कारण नाहीं. उन्हाला कमीत कमी अंग द्यावें, अशी ती रोपाची युक्तिच असते. दिवस कलल्यावर तें पूर्ववत् तरतरीत झालें कीं प्रश्न मिटला. परंतु रात्रभराच्या गारव्यानंतरही पहाटे पान लवलेलेंच असेल, तर मात्र समजावें कीं मुळ्यांना पाणी मिळत नाहीं. तें दोन कारणांनीं मिळत नाहीं: एक तर कुंडींत पाणी नाहीं, किंवा पाणी आहे पण तें उचलणाऱ्या मुळ्याच राहिल्या नाहींत. पानावर हीं दोन्ही दुखणीं सारखींच दिसतात, आणि उपाय मात्र एकमेकांच्या अगदीं उलट आहेत. म्हणून पाण्याच्या झारीला हात लावण्यापूर्वीं पिशवी उचलून वजन पाहावें. बोट दोन पेरें मातींत खुपसावें. मातीची कुंडी असेल तर बोटाच्या सांध्यानें टिचकी मारावी. कोरडी कुंडी खणखणते व ओली बद्द वाजते. या परीक्षेला पैसा लागत नाहीं, आणि सवय झाल्यावर ती सहसा फसत नाहीं.

आपल्या काळ्या जमिनीनें यांत एक निराळाच घोटाळा होतो. पुष्कळ शेतकरी शेतांतील काळी मातीच कुंडींत भरतात. ही माती वाळली कीं आक्रसते, कुंडीच्या भिंतीपासून सुटते, आणि मध्यें बोटभर फट पडते. पाणी घातलें कीं तें त्या फटींतून सरळ खालच्या भोंकावाटें बाहेर पडतें. मालक खालून पाणी वाहतांना पाहून समाधान पावतो, आणि मधला गोळा ठणठणीत कोरडा राहतो. नारळाच्या काथ्याचा भुसा एकदां पूर्ण वाळला कीं त्याचीही तीच गत होते. वरचें पाणी तो चटकन् धरीत नाहीं. अशा वेळीं वरून कितीही पाणी घातलें तरी व्यर्थ होय. पिशवी अर्धा तास पाण्याच्या टोपलींत बुडवून ठेवावी, बुडबुडे येणें थांबलें कीं काढून निथळावी, आणि फट मातीनें दाबून बंद करावी. पुढील वेळीं मिश्रण करतांना पोयट्याच्या मातींत चाळलेली वाळू व चांगलें कुजलेलें शेणखत मिसळावें. कच्च्या शेणखताची ऊब उन्हाळ्यांत मुळ्यांना सोसत नाहीं.

पाणी ठीक आहे अशी खात्री झाली म्हणजे पिवळेपणाकडे वळावें. येथें एकच प्रश्न विचारावयाचा: पिवळें झालेलें पान जुनें आहे कीं नवें? नत्र, पालाश आणि मॅग्नेशियम हीं द्रव्यें रोपांत हलूं शकतात. उणीव भासली कीं रोप तीं म्हाताऱ्या पानांतून काढून कोंवळ्या पानांस देतें. म्हणून त्यांची उणीव खालच्या पानांवर आधीं दिसते. लोह, चुना यांसारखीं द्रव्यें एकदां पानांत बसलीं कीं सहसा हलत नाहींत. म्हणून त्यांच्या उणिवेची हांक शेंड्याकडून येते. खालचें पान सरसकट फिकट होऊन पिवळें पडलें तर नत्राचा संशय घ्यावा. पण ओल्या पिशवींत गुदमरलेल्या मुळ्याही हेंच चित्र दाखवितात, हें माझ्या उदाहरणावरून वाचकांच्या ध्यानांत आलेंच असेल. खालच्याच पानांत शिरांमधील भाग पिवळा व शिरा हिरव्या असतील, तर मॅग्नेशियम.

शेंड्याकडील कोंवळीं पानें पिवळीं, जवळजवळ पांढुरकीं, आणि शिरांचें जाळें मात्र हिरवेंगार, असें दिसलें तर तो केवडा होय. माळशिरस तालुक्यांत चुनखडीच्या जमिनी पुष्कळ आहेत, आणि अनेक विहिरींच्या पाण्यांतही चुन्याचा अंश असतो. अशा मातींत लोह नसतें असें नाहीं. असतें, परंतु चुन्यामुळें मुळीला तें घेतां येत नाहीं. पिशवींत रोज तेंच पाणी पडत गेल्यानें माती दिवसेंदिवस अधिक चुनखडी होत जाते. मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे दोन थेंब टाकले असतां ती फसफसली, तर खूण पटली. केवडा पडलेल्या रोपास युरिया देणें म्हणजे तहानलेल्यास भाकरी पुढें करणें आहे. दहा लिटर पाण्यांत २५ ग्रॅम हिराकस विरघळवून, त्यांत दोन-तीन लिंबांचा रस पिळून, दिवस मावळतांना पानांवर बारीक फवारा द्यावा. हिराकस ताजी व हिरवट असावी. तांबूस पूड झालेली असेल तर उपयोग नाहीं. प्रथम चार रोपांवर करून पाहावें, पान न भाजल्यास इतरांस द्यावें, आणि आठ-दहा दिवसांनीं पुन्हां एकदां. नवीं पानें हिरवीं निघूं लागलीं म्हणजे निदान बरोबर ठरलें. कागदी लिंबाचीं नवीं पानें लहान, अरुंद व ठिपकेदार पिवळीं निघत असतील, तर जस्ताचीही उणीव असूं शकते.

कडा करपण्याचें प्रकरण याहून अवघड आहे, कारण तेथें चार निरनिराळीं कारणें एकाच तऱ्हेची खूण सोडतात. उन्हाळ्यांत विहिरींची पातळी खालीं जाते तशी पुष्कळ ठिकाणीं पाण्याची खारटी वाढते. कुंडींतील पाणी उडून जातें, क्षार मागें राहतो, आणि दर पाळीगणिक त्यांत भर पडते. मातीच्या कुंडीच्या बाहेरच्या अंगावर पांढरा पोपडा धरला असेल, पिशवीच्या मातीवर पिठासारखी पांढरी साय दिसत असेल, आणि पानांचे शेंडे आधीं व कडा नंतर करपत असतील, तर क्षार हेंच कारण बहुधा असतें. डाळिंब खारें पाणी बऱ्यापैकीं सोसतें. लिंबू मुळींच सोसत नाहीं. तेव्हां एकाच पाण्यावर डाळिंब ठीक आणि लिंबू करपलें असें दिसलें, तर तीही एक साक्षच समजावी. उपाय असा कीं, कालव्याचें किंवा सांठविलेलें पावसाचें गोडें पाणी मिळाल्यास तें कुंडीच्या मापाच्या दुपटीनें, सावकाश, सकाळच्या वेळीं घालून खालून वाहूं द्यावें, म्हणजे क्षार धुऊन जातात. भोंक बुजलेलें असेल तर आधीं तें मोकळें करावें. नाहीं तर धुणें बाजूला राहून रोप बुडेल. रोज थोडें थोडें पाणी शिंपडणारा मनुष्य क्षार सांठवीत असतो, हें आपल्या बायामाणसांस व गड्यांस एकदां समजावून सांगावें. पाणी तपासून घेणें केव्हांही बरें; तपासणींत विद्युत्‌वाहकता दिलेली असते, ती मीटरला ०.७ डेसिसायमनच्या आंत असेल तर काळजी नाहीं, ३ च्या वर असेल तर त्या पाण्यावर लिंबाचें रोप वाढविण्याची हौस सोडावी.

क्षारानें करपलेलें पान व उन्हानें भाजलेलें पान यांतील भेद दिशेवरून कळतो. क्षार रोपाच्या सर्व अंगांस सारखा लागतो. ऊन मात्र पश्चिमेच्या व दक्षिणेच्या पानांवर, आणि तेथेंही वर उघड्या पडलेल्या भागावर, कागदासारखे पांढुरके किंवा तपकिरी चट्टे पाडतें; एका पानाची सावली दुसऱ्या पानावर पडली असेल तेवढा भाग हिरवा राहतो. हिरव्या जाळीच्या सावलींत वाढलेलीं रोपें गाडींतून आणून एकदम उघड्यावर ठेवलीं कीं दोनच दिवसांत हें घडतें. दहा-पंधरा दिवस तीं आधीं फक्त सकाळच्या उन्हाला द्यावीं व हळूहळू वेळ वाढवावा. भाजलेलें पान पुन्हां हिरवें होत नाहीं, पण तें लगेच तोडूंही नये. खालच्या पानांस तेवढीच सावली.

कीड या सर्वांनंतर. कोरड्या उन्हांत लाल कोळी झपाट्यानें वाढतो. पानावर सुईनें टोंचल्यासारखे बारीक फिके ठिपके पडतात व पान धुळकट दिसूं लागतें. पांढऱ्या कागदावर फांदी झटकावी. लालसर ठिपके चालूं लागले तर कोळी, पिवळट बारीक काडीसारखे किडे धांवूं लागले तर फुलकिडे. मिरचीच्या कुंडींत फुलकिड्यांनीं पान वर वळतें व पिवळ्या कोळ्यानें खालीं वळतें, हा भेद पुष्कळांस ठाऊक असतोच. कोळी असल्यास पानांच्या खालच्या बाजूवर दोन-तीन दिवस सकाळीं जोरानें पाणी मारावें. निम्में काम त्यानेंच होतें. गंधक हें कोळ्यावरील जुनें व चांगलें औषध खरें, परंतु वैशाखांतील तापलेल्या पानावर तें मारल्यास कोळी राहील व पान जाईल. हवा ३२ अंशांच्या वर असतांना गंधकास हात लावूं नये, असा नियमच ठेवावा.

आतांपर्यंत सांगितलेलीं दुखणीं बरीं होणारीं आहेत. दोन मात्र अशीं आहेत कीं तीं आढळल्यास रोपाचा मोह सोडला पाहिजे. पहिला तेल्या. पान उजेडासमोर धरावें. तेलाचा थेंब मुरल्यासारखा पाणचट कोनाकोनाचा डाग, मध्यें काळपट व भोंवतीं पिवळी कड, अशी त्याची ओळख आहे. हा जिवाणूचा रोग असून भारतांत त्याची प्रथम नोंद १९५२ सालीं झाली, आणि चालू शतकाच्या आरंभापासून महाराष्ट्रांतील बागांनीं त्याचा कहर अनुभवला आहे. तो दमट उबदार हवेंत फोफावतो. कोरड्या उन्हाळ्यांत त्याचे डाग थोडे असतात किंवा दिसतही नाहींत, पण रोग रोपांत दडून राहतो आणि पहिल्या पावसानंतर प्रकट होतो. म्हणूनच उन्हाळ्यांत तीन-चार डाग दिसले तर ते 'उन्हाचे असतील' म्हणून सोडून देणें घातक होय. उन्हाच्या चट्ट्याला दिशा असते, तेल्याच्या डागाला नसते.

डाळिंब बियांपासून जातिवंत येत नाहीं, म्हणून आपण गुटी बांधतों. पुण्याच्या गणेशखिंड बागेंत डॉ. चीमा यांनीं १९३६ सालीं आळंदी जातींतून जी निवड केली, ती पुढें 'गणेश' या नांवानें गांवोगांव पसरली ती याच कलमांच्या मार्गानें. ज्या वाटेनें एका झाडाचा गुण हजारों झाडांत जातो, त्याच वाटेनें एका झाडाचा रोगही जातो. सोलापूरच्या डाळिंबास २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें आहे, आणि २००५ सालीं स्थापन झालेलें राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापुरासच आहे. संशयित पान आपल्या डोळ्यांस ओळखूं येत नसेल तर तेथील किंवा जवळच्या कृषि विज्ञान केंद्रांतील तज्ज्ञांस दाखवावें. दाखवितांना पान नेऊं नये, मुळ्यांसकट सबंध पिशवी न्यावी.

दुसरें दुखणें सूत्रकृमींचें. दुपारीं कोमेजणें, वाढ खुंटणें, पानें फिकीं पडणें, म्हणजे अगदीं उष्णतेचींच लक्षणें. परंतु मातीचा गोळा पाण्यांत धुतला असतां मुळ्यांवर मण्यांसारख्या गांठी दिसतात. अशीं रोपें रानांत लावलीं तर जन्मभराचें भाडेकरू घरांत घेतल्यासारखें होईल. शंभर रोपांमागें दोन-तीन पिशव्या फाडून मुळ्या पाहाव्या. विकत घेतांना विक्रेता कुरकुर करील, त्या रोपांचे पैसे द्यावे आणि पिशवी फाडावी.

मुळ्या भाजल्याचें ध्यानांत आल्यावर काय करावें, हें विचारणारे पुष्कळ भेटतात. तीं रोपें प्रथम सावलींत न्यावीं, फरशीवर किंवा पत्र्याजवळ नव्हे, तर झाडाखालच्या मातीवर. खत सर्वथा बंद. पाणी फक्त माती एक पेरभर वाळल्यावर, आणि तेंही पहाटे. नळींत उन्हानें तापलेलें पाणी असतें. तें आधीं बाहेर सोडून द्यावें, हात लावून गार लागलें म्हणजे मग रोपास द्यावें. शेंडा फार वाढलेला असेल तर थोडा छाटावा, म्हणजे उरलेल्या मुळ्यांवर भार कमी पडतो. तीन-चार आठवड्यांत नवें पान फुटलें तर रोप वांचलें. न फुटल्यास वाट पाहत बसूं नये.

माझ्या पिशव्या आतां कडुलिंबाच्या पूर्वेस, एकमेकींस खेटून ठेवलेल्या असतात. पश्चिमेकडील शेवटच्या ओळीपुढें रिकाम्या पिशव्या मातीनें भरून उभ्या केल्या आहेत व त्यांवर ओलें गोणपाट सोडलेलें असतें, म्हणजे झळ त्यांनीं घ्यावी. त्यांतल्याच एका पिशवींत तापमापक खोवून ठेवला असून दुपारीं तीन वाजतां तो पाहण्याचें काम घरांतील मुलांकडे आहे. मातीच्या कुंड्यांस बाहेरून चुन्याचा पांढरा हात दिल्यानें आंतील उष्णता कमी राहते असें मला वाटतें, तथापि मीं तें एकाच उन्हाळ्यांत व थोड्याच कुंड्यांवर करून पाहिलें आहे. ज्या सभासदांनीं हा प्रयोग अधिक काळ केला असेल, त्यांनीं चुना न दिलेल्या कुंडीशीं तुलना करून, मातीचें दुपारचें तापमान मांडून, आपला अनुभव मासिकाकडे अवश्य पाठवावा.